पिंपळाची मुंज रोप लावल्या दिवशी का होत नाही? झाडांच्या रूढींमागचं साधं गणित

जून संपत आला की डिजिटल डेस्कच्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्यातले फोटो यायला लागतात. भंडारा, तुमसर, साकोली, लाखांदूर, गाव कुठलंही असो. एक खड्डा, त्यात वीतभर रोप, त्या रोपाला हात लावलेली सात-आठ माणसं आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. खाली कारण लिहिलेलं असतं. नातीचा जन्म, बारावीचा निकाल, आईची तेरवी, साहेबांचा वाढदिवस.

त्याच रोपाचा चौथ्या वर्षीचा फोटो मात्र सहसा येत नाही.

यावर "लोकांना फक्त सेल्फी हवी" असं म्हणून मोकळं होता येतं. पण ते अर्धंच खरं आहे. जन्म, लग्न, मरण यांच्या निमित्ताने झाड लावायची रूढी आपल्याकडे आणि जगभर फार जुनी आहे, आणि तेव्हाही लोकांना सोहळा, मानपान, चारचौघांत नाव हे सगळं हवंच होतं. फरक एका ठिकाणी दिसतो. जुन्या रूढींमध्ये सोहळा रोप जगल्यावर व्हायचा. आपण तो पहिल्याच दिवशी उरकतो.

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे मला या रूढी भक्तीपेक्षा पेमेंटच्या अटींसारख्या दिसतात. काम पूर्ण झालं की बिल. ॲडव्हान्स नाही.

झाडीपट्टीत झाडाशिवाय काय होतं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथल्या बोलीचं नाव झाडीबोली, इथल्या नाटकांचं नाव झाडीपट्टी रंगभूमी. एखाद्या भागाची ओळखच झाडांवरून पडावी, तिथे रीतीभातींतही झाडं असणारच.

लग्न ठरलं की आधी मुहूर्तमेढ रोवायची, मग मांडवावर जांभूळ-आंब्याच्या हिरव्या डहाळ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी, त्यात हळद-तूप लावून बैलाचा खांदा शेकायला पळसाचं पान. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून द्यायचं आणि घरी आल्यावर ते देवाजवळ किंवा वहीत ठेवायचं. गोंडी समाजात कुळागणिक पूज्य झाडं असतात आणि ती त्या कुळाने तोडायची नसतात. मोहाबद्दल तर वेगळं सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखालचा पाचोळा साफ करून टोपल्या घेऊन बसलेली माणसं या जिल्ह्यात ज्याने पाहिली नाहीत, तो इकडे पाहुणाच.

पण यातल्या बहुतेक रीती झाडाकडून काही घेण्याच्या आहेत. डहाळी, पान, फूल. झाड लावण्याच्या आणि वाढवण्याच्या रीती मोजक्याच, आणि त्या शिकण्यासारख्या.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जुनी माणसं पिंपळाच्या मुंजीबद्दल सांगतात. एखाद्या कुटुंबाने पिंपळ लावला की त्याला मुलासारखं वाढवायचं, तो काही वर्षांचा झाला की त्याची रीतसर मुंज लावायची, पुढे तुळशीशी किंवा कडुनिंबाशी लग्न. भोवती पार बांधायचा आणि गावाला जेवण घालायचं. ऐकायला गंमत वाटते. पण क्रम बघा. मुंज मुलाची असो की पिंपळाची, आधी तो तेवढा वाढलेला असावा लागतो. रोप पहिल्या उन्हाळ्यात वाळलं तर मुंज नाही, जेवण नाही, गावात नाव नाही. तोवर जे काही करायचं ते बिनबोभाट करायचं, म्हणजे पाणी घालायचं, कुपाटी करायची, शेरडं हाकलायची.

बरजोर सिंगांनी दागिने का विकले?

अशीच पण आणखी कडक रीत नर्मदाखोऱ्यात होती. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन जबलपूर, सागर, नरसिंहपूर या भागात बरीच वर्षं होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, तेव्हा जबलपूर आणि भंडारा एकाच प्रांतात आले. त्यामुळे हा मुलूख आपल्याला अगदी परका नाही. स्लीमनचं आठवणींचं पुस्तक १८४४ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने आमराईच्या लग्नाची हकिकत दिली आहे.

रीत अशी होती की ज्याने आमराई लावली त्याने किंवा त्याच्या बायकोने तिथलं फळ चाखायचं नाही. आमराईतल्या एका आंब्याचं लग्न जवळच्या दुसऱ्या झाडाशी, बहुतेक वेळा चिंचेशी, लावून दिल्यावरच ती बंदी उठायची. आणि हे लग्न म्हणजे नारळ फोडून भागणारं प्रकरण नव्हतं. वऱ्हाड, जेवणावळ, दानदक्षिणा, सगळं आलं.

छावणी आणि शहर यांच्यामध्ये बरजोर सिंग नावाच्या म्हाताऱ्याची आमराई होती. झाडं लावण्यात, पाणी घालण्यात, भिंती आणि पक्क्या विहिरी बांधण्यात त्याचा एवढा पैसा गेला की लग्नाला काही उरलंच नाही. १८३३ मध्ये एका झाडाला फळ धरलं. मुलंबाळं आंबे खाऊन वाहवा करताहेत आणि ही दोघं नवरा-बायको नुसती बघताहेत. कर्तव्यात कसूर झाली, पुढचा हंगाम येण्याआधीच आपण मरू, अशी धास्ती त्यांनी घेतली. शेवटी सोन्या-चांदीचे दागिने विकले, मिळेल तिथून कर्ज काढलं आणि पुढच्या हंगामाच्या आत आमराईचं लग्न थाटात लावलं. जून १८३४ मध्ये दोघांनी आपल्या झाडाचा आंबा खाल्ला.

झाडाच्या लग्नासाठी कर्ज काढणं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. आज कुणी तसं केलं तर घरातल्यांनी अडवावं. पण बरजोर सिंगांच्या हिशोबाची मांडणी बघा. विहीर आणि भिंत आधी, मांडव नंतर. पैसा कमी पडला तो लग्नाला, पाण्याला नाही. आज एखाद्या वृक्षारोपणाचा खर्च काढला तर मंडप, बॅनर, माइक, नाश्ता यांची बिलं पहिल्या दिवशीची असतात आणि पाण्याच्या टँकरसमोर रिकामी जागा असते.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पिंपळाची मुंज करणारे, आमराया लावणारे बहुतेक ऐपतदार आणि जमीनवाले होते. रोपांना पाणी प्रत्यक्षात कुणी ओढलं, त्या माणसाचं नाव पारावर कोरलेलं नसतं. ती उतरंड परत आणायची गरज नाही. रूढीतली अट तेवढी घ्यावी.

जपानमधला बाप पोरीसाठी कोणतं झाड लावायचा?

जपानमध्ये मुलगी जन्मली की किरी नावाचं झाड लावायची जुनी पद्धत होती. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या यूट्यूब चॅनलवर जे पावलोनिया म्हणून दाखवतात, त्याच कुळातलं. मुलगी लग्नाची होईपर्यंत झाड तोडण्याजोगं होतं. मग त्याच्या हलक्या लाकडाची कपड्यांची पेटी करून तिच्यासोबत द्यायची. ज्यू परंपरेत मुलासाठी देवदार आणि मुलीसाठी सुरू लावायचा, आणि लग्नात दोघांच्या झाडांची लाकडं मांडवाला वापरायची, असा जुन्या ग्रंथांत उल्लेख आहे. स्वित्झर्लंडच्या काही भागांत मुलाला सफरचंद आणि मुलीला नाशपाती.

यात झाडाची निवड बघण्यासारखी आहे. किरी भराभर वाढतो, साधारण पंधरा-वीस वर्षांत कामाचा होतो. मुलीचं वय आणि झाडाचं वय जुळतं. शेवटी हातात येते ती पेटी. ती सासरी कोपऱ्यात पन्नास वर्षं राहते आणि बापाने झाड जगवलं याचा पुरावा म्हणूनच राहते. झाड जगलं नसतं तर पेटी झालीच नसती.

आता आपल्याकडची योजना घ्या. २०१८ मध्ये राज्याच्या वन विभागाने कन्या वन समृद्धी योजना आणली. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मली की १० रोपं द्यायची. सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ, चिंच यांचं प्रत्येकी १. त्यातून येणारं उत्पन्न मुलीच्या शिक्षणाला आणि पुढच्या आयुष्याला. कल्पना चांगली आहे, आंबा-चिंचेपुरती तर फारच चांगली.

साग मात्र गणितात बसत नाही. मुलगी अठरा-वीस वर्षांची होईल तेव्हा त्या पाच सागांचा घेर वासा-बल्लीएवढा असेल. लाकडाला खरा भाव यायला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतात. दुसरी अडचण कायद्याची. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मध्ये ज्या झाडांच्या तोडीला परवानगी लागते, त्या अनुसूचित झाडांत साग, आंबा, फणस, जांभूळ आणि चिंच ही पाचही आहेत. म्हणजे मुलीच्या नावाने दिलेलं प्रत्येक झाड असं आहे की उद्या ते तोडायचं झालं, तर तिच्या बापाला कागद घेऊन चकरा माराव्या लागतील. कायदा चुकीचा आहे असं नाही, त्याच्यामुळेच कित्येक जुने मोह आणि ऐन धुऱ्यांवर टिकून आहेत. पण रोप देतानाच सातबाऱ्यावर नोंद करून द्यायची आणि तोडीची वाट आधी सांगून ठेवायची, एवढं झालं तर शेतकरी साग लावताना दोनदा विचार करणार नाही.

रानमळा पॅटर्न म्हणजे काय?

झाडाला घरातल्या प्रसंगाशी जोडायचा सगळ्यात नेटका प्रयोग महाराष्ट्रात झाला तो रानमळ्यात. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातलं हे गाव. तिथे १९९०च्या दशकापासून प्रसंगागणिक झाड लावायची प्रथा गावानेच पाडली. बाळ जन्मलं तर शुभेच्छा वृक्ष. लग्न झालं तर शुभमंगल वृक्ष. परीक्षा पास, नोकरी, निवडणुकीत विजय यांसाठी आनंद वृक्ष. लेक सासरी गेली तर माहेरची झाडी. घरातलं माणूस गेलं तर स्मृती वृक्ष. २०१७ मध्ये शासन निर्णय निघाला आणि हा पॅटर्न राज्यभरच्या ग्रामपंचायतींसाठी सांगितला गेला. आपल्या जिल्ह्यातल्या फोटोंखालची नावं बऱ्याचदा याच यादीतून आलेली असतात.

रानमळ्यात हे चाललं याचं कारण नावांत नव्हतं. रोप कुटुंबाच्या हातात जायचं, बहुतेक वेळा फळझाडाचं, आणि ते घराजवळ लावलं जायचं. घरातली बाई भांडी विसळून उरलेलं पाणी जिथे फेकते, तिथे नारळ किंवा आंबा असला की त्याला वेगळी योजना लागत नाही. शिवाय गाव लहान. कुणाच्या लग्नाचं झाड मेलं हे येता-जाता सगळ्यांना दिसतं. लेकीच्या नावाचं झाड वाळलेलं ठेवणं ही लाजेची गोष्ट. ही लाज शासन निर्णयातून पाठवता येत नाही.

त्याच काळात राज्याचे आकडे मात्र फुगत गेले. २०१६ मध्ये २ कोटी रोपं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटींचं लक्ष्य. पुढे या मोहिमेवर विधिमंडळाची चौकशी समितीही नेमली गेली. त्या वादात इथे शिरत नाही. लक्ष्य "लावलेल्या" रोपांचं होतं, एवढंच इथे पुरेसं आहे. ५ जून २०२४ ला पंतप्रधानांनी दिल्लीच्या बुद्ध जयंती पार्कमध्ये पिंपळ लावून "एक पेड माँ के नाम" मोहीम सुरू केली, त्यातही रोपासोबतचा फोटो अपलोड केला की प्रमाणपत्र मिळतं. आईच्या नावाचं झाड ही भावना खोटी नाही. प्रमाणपत्राची तारीख तेवढी घाईची आहे.

रोप मरतं केव्हा?

भंडाऱ्यात जुलै म्हणजे रोवणी. पऱ्हे उपटायचे, चिखल झालेल्या बांधीत वाकून दिवसभर धान रोवायचं. गावातल्या बाया, ज्या एरवी घराजवळच्या रोपाला पाणी घालणार, त्या सगळ्या तेव्हा बांधीत असतात. वृक्षारोपणाचा सप्ताह नेमका याच दिवसांत येतो. त्यामुळे गावात खड्ड्याभोवती उरतात ते शिक्षक, विद्यार्थी, ग्रामसेवक आणि पुढारी. १९५० मध्ये क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासूनची ही जुलैची तारीख. पावसाच्या दृष्टीने ती बरोबरच आहे, लावायचं तेव्हाच.

रोप मात्र जुलैत मरत नाही. ते दिवाळीपर्यंत छान हिरवं असतं, म्हणून सगळ्यांना वाटतं काम झालं. धान कापून झालं, मागून लाखोळी निघाली, की जनावरं मोकळी सुटतात. पहिला हल्ला त्यांचा. त्यातून वाचलं तर फेब्रुवारीनंतर जमीन फुटायला लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, बोड्या आटतात आणि रोप जातं.

ढोबळ हिशोब करू. आठवड्याला १० लिटर पाणी धरलं, तर १ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत साधारण १९ आठवडे, म्हणजे १९० लिटर. १५ लिटरच्या तेरा बादल्या. पहिले तीन उन्हाळे सांभाळायचे तर चाळीसेक बादल्या. एका कुटुंबाला एका झाडासाठी हे काहीच नाही. पण ३३ कोटी रोपांना हाच हिशोब लावला तर एका उन्हाळ्याला ६,२७० कोटी लिटर होतात. अर्थात जंगलात लावलेल्या रोपांना कुणी बादलीने पाणी घालत नाही, तिथली गणितं वेगळी. मुद्दा गावातल्या, शाळेतल्या, रस्त्याकडेच्या रोपांचा आहे. आपलं म्हणून सांभाळणारं एखादं घर मिळालं नाही, तर त्या चाळीस बादल्या कुठूनच येत नाहीत.

अनुराधापुराचं उदाहरण यासाठीच आठवतं. सम्राट अशोकाच्या काळात संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली, असं महावंस हा ग्रंथ सांगतो. त्याच ग्रंथात झाडासोबत त्याची निगा राखणारी कुटुंबंही पाठवली असं येतं. ते झाड आज दोन हजार वर्षांहून जुनं आहे. बोधगयेत मूळ जागेवरचा वृक्ष १८७६ मध्ये उन्मळून पडला आणि आजचा त्यानंतर लावलेला आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापुराच्या रोपापासूनचा. पवनीला ज्यांनी जुन्या स्तूपांचे अवशेष पाहिलेत त्यांना या साखळीचं अप्रूप वेगळं सांगायला नको.

आठवण म्हणून काय जपायचं?

पिंपळाचं पान वहीत ठेवून जाळी होऊ देणं हे आपल्यापैकी अनेकांनी केलंय. दीक्षाभूमीवरून उचललेलं पान कित्येक घरांत ग्रंथात जपलेलं असतं. ही आठवण झाडाने दिलेली असते. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र झाडाने दिलेलं नसतं. ते रोप मेल्यावरही भिंतीवर तसंच चकचकीत राहतं. लोखंडी ट्री-गार्डचंही तेच. आत काही नाही, बाहेर सौजन्याची पाटी शाबूत. अशा पाट्या मोजायच्या ठरवलं तर शहरातल्या एका रस्त्यावर संध्याकाळ जाईल.

माझ्या आजोळी, लाखनीकडे, सांदवाडीत चिंचेचं झाड आहे. मामीच्या म्हणण्याप्रमाणे ते आईच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं. दरवर्षी मार्चमध्ये त्या चिंचेचे मीठ लावलेले गोळे जुन्या डब्यात भरून आमच्याकडे येतात. आईने त्या झाडाचा फोटो कधी काढला नाही. डबा आला की ती वास घेते आणि यंदा झाड कसं आहे ते तिला कळतं. माहेरची झाडी हे सरकारी नाव ऐकलं की मला तो डबा दिसतो.

जिल्ह्यात अशा वस्तू कमी नाहीत. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा कोसा, त्याच्या धाग्यापासून मोहाडी-आंधळगावच्या मागावर विणलेली साडी. चारोळी. मोहफुलं. लग्नात नवरा-नवरीच्या हातून रोप लावून घ्यायचंच असेल, तर गुलमोहरापेक्षा यातलं काही लावायला काय हरकत आहे? मोहाला फुलायला दहाएक वर्षं लागतात, हे त्या जोडप्याला सांगून टाकावं. दहाव्या वर्षी दोघं झाडाखाली पहिलं फूल वेचायला येतील ते वाढदिवसाच्या केकपेक्षा बरं.

मग तारीख कोणती?

कॅलेंडर उघडून बघा. अक्षय्य तृतीया वैशाखात. विदर्भात त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि पितरांना दाखवल्याशिवाय नवा आंबा न खाणारी घरं अजून आहेत. बुद्ध पौर्णिमा वैशाखात. म्यानमारमध्ये त्याच पौर्णिमेला लोक रांगा लावून बोधिवृक्षाच्या मुळाशी पाणी ओततात. त्यांच्याकडेही तो कडक उन्हाळ्याचा काळ. वटपौर्णिमा ज्येष्ठात, म्हणजे पाऊस लागण्याच्या उंबरठ्यावर. हेतू काहीही असो, झाडाकडे पाणी घेऊन जायचे हे तिन्ही दिवस झाडाला पाण्याची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच येतात. सरकारी सोहळा येतो तो आभाळातून पाणी पडत असताना.

म्हणून सूचना साधी आहे. रोप जुलैतच लावा, पण गाजावाजा वैशाखात करा. ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांनी स्मृती वृक्षाच्या मुळाशी एक मडकं पुरावं आणि अक्षय्य तृतीयेला घरातली घागर भरताना तेही भरावं. मातीचं मडकं हळूहळू पाझरतं, भर उन्हातही पाणी मुळापर्यंत जातं. बौद्ध कुटुंबांनी हेच बुद्ध पौर्णिमेला करावं. ग्रामपंचायतीने प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर तिसऱ्या वैशाखानंतर द्यावं, झाडाखाली उभं करून.

याला जगात आधार आहे. केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली तेव्हा बायकांना पैसे जगलेल्या रोपामागे मिळायचे. थोडेच, पण जगलेल्या रोपामागे. राजस्थानातल्या पिपलांत्री गावात २००६च्या सुमारास मुलीच्या जन्मानंतर १११ झाडं लावायची प्रथा सुरू झाली. तिथे झाडांच्या निगेचं आईवडिलांकडून लिहून घेतात आणि मुली दर राखीला आपल्या झाडांना राखी बांधतात. राखी बांधायला झाड जिवंत लागतं.

एक अडचण खरी आहे आणि ती वर्षातल्या कुठल्याही तारखेने सुटत नाही. सांदवाडी कुणाकडे आहे? २५ चौरस मीटरच्या घरकुलात राहणाऱ्या शेतमजुराने लेकीच्या नावाचा मोह लावायचा कुठे? त्याला गावाबाहेरच्या गायरानात एक खड्डा दाखवला जातो. तिथे पाणी न्यायला दीड किलोमीटर आणि फळ धरल्यावर लिलाव ग्रामपंचायतीचा. अशा झाडावर कोण कशाला जीव लावील? सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना यात मार्ग काढता येईल. झाडाच्या फळाफुलावर त्या कुटुंबाचा हक्क असल्याचा ठराव ग्रामसभेने करायचा. मोहाच्या बाबतीत अमुक झाड अमुक घराने वेचायचं ही वहिवाट मोहाच्या गावांना नवी नाही. ती कागदावर आणायची आहे.

जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदवह्या ग्रामपंचायतीत असतातच. त्यांच्याशेजारी झाडांची एक वही ठेवता येईल. कुणाच्या नावाचं, कुठे लावलं, पाणी कोण घालतं, हक्क कुणाचा. लागवडीच्या तारखेचा रकाना बारीक चालेल. मोठा ठेवायचा तो पहिल्या फळाच्या तारखेचा.